चिठ्ठीत निघालेलं मत

वडाळी खुर्द, जि. जालना
१४ जानेवारी २०२६

चि. रजनी,

आशीर्वाद लिहावेत की नको यात दहा मिनिटं गेली. मोठा भाऊ म्हणून लिहितो. तुला नको असतील तर तेवढी ओळ सोडून पुढं वाच.

आज संक्रांत आहे, पण तिळगूळ पाठवत नाही. सहा वर्षं तू माझ्याशी बोललेली नाहीस आणि तुला 'गोड बोला' म्हणण्याइतका मी निर्लज्ज नाही. काम पडलं म्हणून लिहितोय, उगीच प्रेमाचा आव कशाला आणू? फोन केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. आणि खरं सांगायचं तर फोनवर बोलायची मला भीती वाटते. हे पत्रसुद्धा गावच्या पोस्टात टाकणार नाही. उद्या जीपनं जाफराबादला जाऊन टाकीन.

तू आता निवृत्त होऊन नागपूरला लेकीकडं असतेस. पण पंधरा वर्षांची तहसीलदारकी अशी अंगावरच्या शालीसारखी काढून ठेवता येत नाही, म्हणून तुलाच विचारतो.

माझं रविवारचं वादमंडळ तुला ठाऊक आहे. शाळेच्या ओसरीत सकाळी दहा ते बारा. तू एकदाच आली होतीस आणि जाताना म्हणाली होतीस, 'दादा, हे म्हणजे काठावर बसून पोहायला शिकवणं झालं.' आमचे नियम तुला आठवत नसतील. विषयाची बाजू कुणी निवडायची नाही, बुधवारी चिठ्ठी उचलायची. जी बाजू निघेल ती घ्यायची आणि घेतली की ती आपलीच मानायची. 'मला चिठ्ठीत निघाली म्हणून बोलतोय' असं जो म्हणेल त्याचे पाच गुण कापायचे. भाषण झालं की मी ते वहीत लिहून काढतो, बोलणाऱ्याच्याच तोंडचं म्हणून, आणि खाली 'हे माझे मत' लिहून त्याची सही घेतो. चिठ्ठ्या चुलीत जातात. लोकांना बाजू मनापासून मांडायची सवय लागावी म्हणून मीच हे ठरवलं. अठ्ठावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आणि तेवढीच वर्षं हे चालवलं. या नियमाचा मला भारी अभिमान होता.

गेल्या आठवड्यात नव्या रस्त्याच्या मोजणीवरून आमच्या भागात गडबड झाली. शुक्रवारी जमावबंदी लागली. पाच माणसांनी एकत्र यायचं नाही. शनिवारी कुणीतरी मोजणीवाल्यांच्या गाडीवर दगड मारला, काच फुटली. कुणी मारला ते मला माहीत नाही. रविवारी आम्ही नेहमीसारखे बसलो, तेरा जण. मी तो हुकूम वाचला नव्हता. विषय होता, 'सरकारचा हुकूम कुठवर मानावा?'

सोमवारी पोलीस आले आणि वही घेऊन गेले.

आता तू सांग, ती वही परत कशी मिळवायची? अर्ज कुणाच्या नावे करायचा? तुझ्या ओळखीचं कुणी असेल तर नुसता एक शब्द टाकलास तरी पुष्कळ. वहीत तसं काही नाही. पण वाचणारा कसा वाचतो त्यावर असतं ना सगळं.

वामनदादा


२१ जानेवारी

रजनी,

आठवडा झाला, तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं नसेल असं मी स्वतःला समजावतोय, आणि मिळालं नसेल तर ते कुणाला मिळालं, या विचारानं पुन्हा उठून दाराची कडी बघतो.

वहीचं राहू दे. प्रकरण वहीच्या पुढं गेलंय.

अक्षता हिवाळेला नोटीस आली. ही कांताबाईची मुलगी. कांताबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून खिचडी आणि रोजंदारी करून तिनं पोरीला शिकवलं. अक्षता आता सव्वीस वर्षांची आहे. तलाठ्याच्या परीक्षेत तिचं नाव निवडयादीत लागलंय. नेमणुकीआधी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला जायचा राहिलाय, तेवढाच कागद अडलाय. आणि नेमकी आता नोटीस आलीय की वर्षभर चांगल्या वागणुकीचा बाँड तुमच्याकडून का घेऊ नये, याचं कारण दहा फेब्रुवारीला तहसीलमध्ये हजर राहून सांगा. गावात याला चॅप्टर केस म्हणतात. तू अशा शेकडो नोटिसा काढल्या असतील, तुला मी काय सांगू! ज्याच्यावर चॅप्टर केस आहे त्याला तलाठी कोण करणार?

नोटिशीला वहीतलं तिचं भाषण जोडलंय. आदल्या दिवशी दगड पडला, दुसऱ्या दिवशी जमावबंदी मोडून हे भाषण झालं. दोन्ही एका दोऱ्यात ओवायला फार अक्कल लागत नाही.

गंमत अशी की ती बाजू तिची नव्हतीच. चिठ्ठी उचलल्यावर ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "सर, ही बाजू मला जमणार न्हाई. हुकूम मोडा म्हणून मी कशी बोलू? माझ्या आजीला गावच्या विहिरीवर कोण येऊ देत होतं? कायदा आला, सरकार आलं, तवा पाणी मिळालं. गाव सरकारला भ्यालं म्हणून आम्ही माणसात आलो." मी म्हणालो, शाब्बास, म्हणूनच तुला ही बाजू निघाली. जे पटत नाही ते मांडून बघ, म्हणजे जे पटतं ते पक्कं होतं. माझं हे ठरलेलं वाक्य आहे, दरवर्षी कुणाला तरी ऐकवतो.

तिनं भाषण लिहून आणलं. ठीक होतं, पण शेवट पडला होता. मी तो दुरुस्त करून दिला. दुरुस्त म्हणजे, शेवटचा परिच्छेद मीच लिहिला. नोटिशीत लाल पेनानं खूण केलेला मजकूर तोच आहे. 'हुकूम कायद्याबाहेर गेला की तो हुकूम राहत नाही, नुसता मोठा आवाज राहतो. सरकारला हद्द असते, आणि ती हद्द सरकार स्वतः आखत नसतं. असा हुकूम न मानणं हा गुन्हा नसून नागरिकाचं कर्तव्य आहे.' लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. ओसरीत टाळ्यासुद्धा पडल्या.

काल कांताबाई घरी आली. बस म्हटलं तर बसली नाही. चौकटीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, लिवलं कोणी अन् भरायचं कोणी? तुमच्या हातचा कागद पोरीनं पाठ केल्ता, म्या बघितलाय. साहेब इचारतेत, तर म्हणते माझंच हाय. नियम हाय म्हणे तुमचा."

मी तिला पाणी दिलं. ते न पिता ती गेली.

रस्त्यावर मोटरसायकल थांबली की मी आता आतल्या खोलीत जातो. पुस्तकं गव्हाच्या कोठीत टाकली. संविधानाची प्रतही टाकली, जी सरकारनंच छापलेली आहे. घरात मी एकटा, बघायला कुणी नाही, तरी कोठीचं झाकण लावताना लाज वाटली. पण झाकण लावलं.

काय करू ते लवकर कळव.

वामनदादा


२७ जानेवारी

रजनी,

तुझं पत्र आलं. सहा वर्षांनंतर तुझं अक्षर पाहिलं आणि आत नुसत्या तीन ओळी! 'वही नेली की तू दिलीस? हुकूम वाचला नव्हतास की वाचला होतास? खरं लिहिणार असशील तर पुढं बोलू.' तहसीलदारीण ती तहसीलदारीणच. समोरच्यानं पहिल्या अर्जात काय खाल्लं ते तुला बरोबर कळतं.

हुकूम मी वाचला होता. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला होता, चष्मा लावून पूर्ण वाचला. आणि विषय त्यामुळंच बदलला. त्या रविवारचा मूळ विषय मोबाईलच्या वापरावर होता. मी म्हटलं, चला, आयतं उदाहरण दारात आलंय, आणि बुधवारच्या चिठ्ठ्या रद्द करून शुक्रवारीच नव्या काढल्या. तेरा जणांनी हुकूम मोडून हुकमावर चर्चा करायची, याचं मला मोठं कौतुक वाटलं. आपल्याला कोण काय करणार, आपण मास्तर, आपण काय गर्दी आहोत का, असा माझा तोरा होता. बाकीच्या बाराजणांना मी हे सांगितलं नाही. ते सरांच्या भरवशावर आले.

आता वहीचं ऐक. सोमवारी मच्छिंद्र आला. हा हवालदार माझाच विद्यार्थी. तिसऱ्या बाकावर बसायचा आणि फळ्यावरचं अर्धंच उतरवून घ्यायचा. चप्पल बाहेर काढून आत आला, नमस्कार केला. खाली मान घालून म्हणाला, "सर, साहेबांनी सांगितलंय, मंडळाची काय लिखापढी असंल तर बघून ये. नसंल तर न्हाई म्हणून सांगतो मी. बराबर आठवून बघा, हाये का न्हाई?"

त्याला आणखी किती स्पष्ट बोलायला हवं होतं? मी नुसतं 'नाही रे' म्हटलं असतं तर तो दुसऱ्या क्षणाला चप्पल घालून निघून गेला असता. मी उठलो, कपाट उघडलं आणि वही त्याच्या हातात दिली. कालचं पान कोणतं तेही उघडून दाखवलं. त्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. पोलिसाच्या डोळ्यांत मला आपल्याविषयी कीव दिसली. मला वाटलं होतं, पुढं कधी झडती झाली आणि वही सापडली तर आपण खोटं बोललो असं होईल. म्हणजे मी खरेपणानं दिली असं म्हणायची सोय आहे. पण तुला सांगतो, खरेपणाबिरेपणा काही नव्हता. खाकी रंग दारात दिसला आणि हात आपोआप कपाटाकडं गेला. सरकारला हद्द असते असं आदल्या दिवशी ज्यानं लिहिलं, त्याच्या घरात सरकारला दार ढकलायचीसुद्धा गरज पडली नाही.

आणखी एक. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, मला ठाण्यात बोलावलं. तिथले साहेब नीट बोलले, चहा मागवला. पान वाचत म्हणाले, "सर, ही भाषा तर तुमची वाटून राह्यली." मी म्हणालो, "मी नुसता चिटणीस. जो बोलतो त्याचं लिहितो." चहा कपभर प्यायलो. बाहेर आलो तर बाकावर अक्षता बसली होती, तिला माझ्यानंतर आत बोलावलं. तिनं मला विचारलं, काय म्हणाले सर? मी म्हणालो, काही नाही, किरकोळ.

काल सव्वीस जानेवारी. दरवर्षी झेंड्यासमोर माझं भाषण असतं. यंदा घसा बसल्याचा निरोप पाठवला आणि घरात बसून भोंग्यावरून सगळं ऐकलं. अक्षता गेली होती म्हणे. तिच्या दोन्ही बाजूंना लोकांनी हातभर जागा सोडली होती.

झालं सगळं लिहून. आता तू पुढं बोल.

वामनदादा


५ फेब्रुवारी

रजनी,

तुझं लांब पत्र दोनदा वाचलं. एकदा तुझ्यावर चिडून आणि एकदा तसं न चिडता.

तू लिहितेस, बाँडवर तिला सही करू देऊ नकोस. सही केली की केस लवकर मिटते, पण ते कबूल केल्यासारखं होतं आणि तो डाग कागदावरून कधी जात नाही. आणि लिहितेस, 'दादा, तू तुझं नाव दे. विषय मी बदलला, चिठ्ठीचा नियम माझा, तो परिच्छेद माझा, असं प्रतिज्ञापत्र करून दे. दुसरा रस्ता नाही.' हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुसरा एखादा रस्ता निघतो का ते बघायलाच मी तुला लिहिलं होतं, हे तूही ओळखलं असशील. माझी पेन्शन, माझा रक्तदाब, सत्तरी, या सगळ्याची यादी मनातल्या मनात तुला ऐकवून झाली. तू ती ऐकली नसतीसच.

तुझा एक मुद्दा मात्र माझ्या मनात रात्रंदिवस घोळतोय. तू लिहितेस की, 'तुझ्यासारखी माणसं सरकारच्या हद्दीवर बोलतात तेव्हा समोर एक राक्षस धरून बोलतात. सरकार म्हणजे मी होते, दादा. सर्दी झालेली, जेवण राहिलेली एक बाई. प्रत्येक कारकुनानं हुकूम आपल्या मनाच्या तराजूत तोलायचा म्हटलं तर तालुक्यात तीनशे सरकारं होतील, आणि त्यातलं एकही गरिबाचं नसेल. कारण ज्याचा दांडगावा त्याच्याच बाजूला पारडं झुकतं.' अक्षताच्या आजीची विहीर म्हणजे हेच. पूर्वी मी हे पाच मिनिटांत खोडून काढलं असतं. आता मला वाटतं तुझं अर्धं तरी खरं आहे.

आणि मग तू ते खाली लिहिलंस. गायरानावरची घरं पाडलीस तेव्हा पंधरा दिवसांची नोटीस द्यायला हवी होती, तीनच दिवसांची दिली गेली. सही करताना तुला ते दिसलं होतं आणि वरून फोन होता म्हणून केलीस. सहा वर्षं हे तू कुणाला बोलली नाहीस. त्यावर मी तेव्हा पेपरात लिहिलेला लेख तू कात्रण करून ठेवलायस, त्यातलं एक वाक्यही चूक नव्हतं म्हणून जास्त राग आला, असं लिहिलंस.

तर आता माझंही ऐकून घे. त्या लेखाचं गावानं फार कौतुक केलं. सख्ख्या बहिणीचं नाव घेऊन लिहिलं, केवढं धाडस, असं लोक म्हणत. मीही तसंच समजत होतो. पण या महिन्यात मला कळलं की ते लिहिताना मला जराही भीती वाटली नव्हती. का, तर तू माझी बहीण होतीस. फार तर भाऊबीजेला आली नसतीस. तुझ्या वरच्या साहेबाचं नाव मला माहीत होतं, ते मी लिहिलं नाही. त्याची मला भीती वाटली होती. माझं धाडस तुझ्यापुरतं होतं, रजनी. याची माफी कशी मागतात ते मला येत नाही.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा केलाय. वकिलाला दाखवला. त्यात लिहिलंय की वादमंडळ हा केवळ मनोरंजनाचा खेळ असून त्यात व्यक्त झालेली मतं कुणाचीच नसतात. बाजू चिठ्ठीनं ठरते. वादग्रस्त मजकूर खेळाच्या ओघात मी रचलेला असून तो अक्षताचा नाही आणि माझ्याही मताचा नाही. मंडळ कायमचं बंद केलं आहे. वकील म्हणाला, बिलकुल पक्कं झालं, दोघंही सुटता. अठ्ठावीस वर्षांना मी 'खेळ' म्हणालो, पण पोरीची नोकरी वाचते. तुला हे आवडणार नाही हे मला दिसतंय. पण एवढंच माझ्यानं होतं.

अक्षताला सांगितलं. 'बघू सर' म्हणाली.

वामनदादा


११ फेब्रुवारी

रजनी,

काल तारीख होती.

तहसीलमध्ये अकराला बोलावलं होतं, दीडला पुकारा झाला. तोवर आम्ही तिघं बाकावर बसलो होतो, मी एका टोकाला, कांताबाई दुसऱ्या टोकाला, मधे अक्षता. साहेब तरुण आहेत, तुझ्या नंतरच्या पिढीतले. वाईट वाटले नाहीत. माझं प्रतिज्ञापत्र त्यांनी सावकाश वाचलं आणि विचारलं, म्हणजे हा सगळा खेळ होता? मी म्हणालो, हो साहेब. मजकूर तुमचा? हो साहेब. तिचं मत नाही? नाही साहेब. मग ते अक्षताकडं वळले आणि म्हणाले की असं असेल तर तुम्ही तेवढं म्हणा. चिठ्ठी निघाली म्हणून बोलले, माझं हे मत नाही, एवढं एक वाक्य आणि खाली सही. मी आत्ता फाइल बंद करतो, दाखल्यावर काही लागणार नाही.

इतकं स्वस्तात सुटतंय यावर माझा विश्वास बसेना. मी तिच्याकडं बघून मान हलवत राहिलो, म्हण, म्हण.

ती उभी राहिली. आवाज लहान होता, पण सगळं ऐकू आलं.

"चिठ्ठी निघाली हे बराबर हाये, साहेब. लिहिलं सरांनी, ते पण खरंय. त्या दिवशी ते माझं मत नव्हतं, मला पटतबी नव्हतं. मंग एका वहीवरून मला तीनदा ठाण्यात नेऊन बसवलं. काही विचारायचं नव्हतं, तरी बसवलं. तिथं बसून बसून मला ते पटलं. आता ते माझं मत हाये. आता न्हाई म्हणलं तर खोटं होईल."

कांताबाईच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ताई, नोकरीचा विचार करा, यादीतलं नाव किती मुश्किलीनं लागतं मला माहीत आहे. त्यावर ती म्हणाली, "सरकार नको असं मी म्हणत न्हाई साहेब. मला तर सरकारातच यायचंय. तलाठी झाले तर उद्या मलाच लोकांच्या दारात नोटिसा घेऊन जायचंय. आज खोटी सही करून आत आले, तर मंग तिथं कोणती सही खरी करू?"

मला राग आला, रजनी. खरं लिहितो, मला तिचा राग आला. मी एवढं स्वतःला पुसून तिला वाट करून दिली आणि तिनं ती घेतली नाही. आणि रागाच्या खाली भीती होती, कारण आता पुढचा प्रश्न कुणाला येणार ते मला कळलं होतं.

साहेब म्हणाले, "आणि तुमचं काय, सर? खेळ सोडून सांगा."

मी आयुष्यभर दोन्ही बाजू शिकवल्या. या बाजूनं असं म्हणता येईल, त्या बाजूनं तसं. माझी स्वतःची बाजू मला कुणी विचारली नव्हती आणि मीही कधी सांगायला गेलो नव्हतो. मी टेबलाची कड धरली. 'साहेब, प्रतिज्ञापत्रात लिहिलंय तेच' एवढं म्हटलं की संपत होतं. ते वाक्य तोंडात तयारही होतं. मी अक्षताकडं पाहिलं तर ती माझ्याकडं बघत नव्हती. तिनं माझ्याकडून काही अपेक्षाच ठेवली नव्हती, आणि त्याचं मला जेवढं लागलं तेवढं कांताबाईच्या बोलण्याचंही लागलं नव्हतं.

मी खुणेनं कागद परत मागितला. 'खेळ' म्हटलेली ओळ खोडली. 'माझ्याही मताचा नाही' यातलं 'नाही' खोडलं आणि ओळ पुन्हा नीट लिहिली की हा मजकूर माझा आहे, तो मला मान्य आहे, आणि जमावबंदीचा हुकूम वाचून मी ती सभा घेतली, बाकी कुणाला तो ठाऊक नव्हता. सही केली. सही इतकी वेडीवाकडी आली की साहेबांनी विचारलं, बरं वाटतंय ना?

संध्याकाळी पाचला मच्छिंद्र नोटीस घेऊन आला, माझ्या नावाची. या वेळी मी कपाटाकडं गेलो नाही. सही करून घेतली आणि तो गेला.

आता दोघांची तारीख चोवीसला आहे. साहेब बहुतेक बाँडचा हुकूम काढतील, तसं ते सूचक बोलले. हुकूम निघाला आणि बाँड दिला नाही तर आत बसावं लागतं, हे तुला माहीतच आहे. अक्षता देणार नाही म्हणते. चोवीसच्या आत तिचा दाखला जात नाही आणि यादीतल्या नेमणुका वीस तारखेला निघणार आहेत. म्हणजे ती जागा गेली. तहसीलच्या पायऱ्यांवर ती रडली, फार रडली. परतीच्या जीपमध्ये कांताबाई माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तिनं बोलावं असं मी अजून काही केलेलंही नाही. अपील करता येईल, नेमणूक रोखून धरायला अर्ज करता येईल असं तू लिहिलं होतंस. ते कागद घेऊन ये. तिच्यासाठी ये.

माझ्यासाठी म्हणशील तर मला फार भीती वाटते. सकाळी उठतो तेव्हा पहिल्यांदा तीच आठवते आणि मग बाकीचं. सही केल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. चोवीसला साहेबांसमोर बाँडचा कागद ठेवलेला असेल. तू मागच्या बाकावर बस. ओळख सांगू नकोस, शब्द टाकू नकोस, नुसती बस. आणि आदल्या दिवशी मी जेवणार नाही, रडारड करीन, छातीत दुखतंय म्हणेन, तेव्हा एक कर. 'जाऊ दे दादा, सही करून टाक' असं तेवढं म्हणू नकोस. तू म्हणालीस तर मी करून टाकीन.

तुझा
दादा